इलेक्ट्रॉनिक संगीताच्या रेकॉर्डी आणि त्यांची घरातली मांडणी

रेकॉर्डींसाठी मांडणी करून घ्यायचे ठरले की बहुतेक घरांत पुस्तकांच्या कपाटाचाच नमुना डोळ्यांसमोर येतो. फळ्या, त्यांवर उभी लावलेली कव्हरे आणि कव्हरांच्या कडेवर छापलेली नावे. चित्रपटसंगीताच्या किंवा शास्त्रीय गायनाच्या एलपी अशा लावल्या तर काही बिघडत नाही, कारण त्यांतल्या बऱ्याचशा कव्हरांच्या कडेवर नाव असते. इलेक्ट्रॉनिक संगीताचा मोठा भाग मात्र बारा इंची सिंगलवर निघालेला आहे. या सिंगलच्या एका बाजूला एक किंवा दोनच रचना असतात. तिचे कव्हर कंपनीचे साधे, एकरंगी असते, मधोमध गोल भोक असते आणि त्यातून दिसणारे लेबल हीच तिची ओळख असते. अशा पन्नास सिंगल पुस्तकांसारख्या लावल्या की समोर पन्नास काळ्या रेघा दिसतात आणि हवी ती रेकॉर्ड शोधण्यासाठी प्रत्येक बाहेर काढावी लागते. म्हणून या संगीताच्या मांडणीचा विचार सुताराला बोलावण्याच्या आधी, रेकॉर्डी निवडतानाच सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी : दहा रेकॉर्डी निवडाव्यात

सुरुवातीला दहापेक्षा जास्त घेऊ नयेत. या दहा रेकॉर्डी महिनाभर लक्षपूर्वक ऐकल्या की आपला कल कुठे आहे ते कळते आणि पुढच्या खरेदीचे व मांडणीचे स्वरूप त्यावरून ठरते.

मी स्वतः नवागताला क्राफ्टवर्कपासून सुरुवात करायला सांगतो. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरातल्या या मंडळींनी १९७७ साली ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ आणि १९७८ साली ‘द मॅन-मशीन’ हे संच, म्हणजे अल्बम, प्रसिद्ध केले. आगगाडीच्या चाकांचा ठेका यंत्रांवर उभा करणारे हे संगीत आजही ताजे वाटते. त्याच १९७८ सालचा इंग्लंडच्या ब्रायन ईनो या संगीतकाराचा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ अगदी दुसऱ्या टोकाचा आहे. वेगवेगळ्या लांबीच्या टेपची वेटोळी एकाच वेळी फिरत राहतात, त्यामुळे तेच मोजके स्वर दर वेळी निराळ्या क्रमाने एकमेकांना भेटतात. ठेका नाही आणि कुठे पोहोचण्याची घाई नाही.

पुढची रेकॉर्ड मुंबईची आहे आणि तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे वादक होते. १९८२ साली एचएमव्हीने त्यांचा ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा संच काढला. त्यांच्याकडे रोलँड कंपनीची तीन वाद्ये होती, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसच्या ओळी वाजवणारे छोटे यंत्र. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे राग त्यावर वाजू लागले की त्या घसरण्यात मींडेची आठवण येते आणि खाली डिस्कोचा ठेका न बदलता चालू राहतो. त्या वेळी या रेकॉर्डीकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. पुढे १९८७ साली शिकागोच्या फ्युचर या गटाने त्याच टीबी-३०३ यंत्राच्या बटणांशी खेळत ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ केले आणि त्यातून अ‍ॅसिड हाउस हा प्रकार रुजला. २०१० साली नेदरलँड्समधून चरणजीत सिंग यांचा संच पुन्हा प्रसिद्ध झाला, तेव्हा पाच वर्षे आधी मुंबईत काय घडून गेले होते ते जगाला कळले. मैफलीची सवय असलेल्या मराठी कानाला या संगीतात शिरण्यासाठी यापेक्षा चांगले दार मला माहीत नाही.

भारतातला याहूनही जुना धागा अहमदाबादला सापडतो. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारून दिला. तिथे १९७२पर्यंत झालेल्या प्रयोगांच्या टेपा संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. त्यांतली निवड २०२३ साली ‘द एनआयडी टेप्स’ या नावाने बाहेर आली.

उरलेल्यांमध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या टेक्नो या यंत्रांवरच्या नृत्यसंगीताची एक तरी सिंगल असावी. हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉंडरसन या तीन शाळामित्रांनी तो प्रकार घडवला, आणि डेरिक मे यांची १९८७ सालची ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’ ही त्यातली सर्वांत मोकळ्या मनाची रचना आहे. बर्लिनच्या बेसिक चॅनेल या जोडीची १९९३नंतरची एखादी सिंगल, १९९२ सालचा एफेक्स ट्विनचा ‘सिलेक्टेड अ‍ॅम्बियंट वर्क्स ८५–९२’ आणि १९९८ सालचा बोर्ड्स ऑफ कॅनडाचा ‘म्युझिक हॅज द राइट टू चिल्ड्रन’ घेतले की पाया पक्का होतो. बाकीची जागा स्वतःच्या आवडीसाठी मोकळी ठेवावी.

गोव्याचे नाव इथे अनेकांच्या मनात येईल. हणजुण्याच्या किनाऱ्यावर वाढलेला गोवा ट्रान्स हा प्रकार जगभर गेला, परंतु तिथल्या पार्ट्यांमध्ये संगीत मुख्यतः कॅसेट आणि डॅट या डिजिटल टेपांवरून वाजे, कारण ऊन आणि वाळू यांच्यापुढे रेकॉर्डीचा टिकाव लागत नसे. त्या काळातला गोव्याचा माल रेकॉर्डीवर शोधत बसू नये. आपल्या हवेत रेकॉर्डी कशा सांभाळाव्यात याचा पहिला धडा मात्र त्यातून जरूर घ्यावा.

दुसरी पायरी : नावे न मोजता तबकड्या मोजाव्यात

खर्जाच्या स्वरांना रेकॉर्डीवर रुंद खाच लागते. बेस जितका जोरकस, तितकी खाच डावी-उजवीकडे जास्त हेलकावते, शेजारची खाच दूर ठेवावी लागते आणि एका बाजूवर मावणारा वेळ घटतो. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या सर्वसाधारण एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे आरामात बसतात, तर ४५ फेऱ्यांच्या, नाचासाठी कापलेल्या बारा इंची सिंगलला दहा-बारा मिनिटांपुढे जाणे परवडत नाही. म्हणूनच तासाभराचे इलेक्ट्रॉनिक संच दोन किंवा तीन तबकड्यांवर निघतात. वर सांगितलेले एफेक्स ट्विन आणि बोर्ड्स ऑफ कॅनडाचे संच दुहेरीच आहेत. ‘माझ्याकडे शंभर रेकॉर्डी आहेत’ असे म्हणणाऱ्याच्या फळीवर प्रत्यक्षात दीडशे तबकड्या असू शकतात, आणि फळी वाकते ती तबकड्यांच्या वजनाने.

हिशेब असा धरावा. कव्हरसह एका तबकडीचे वजन साधारण २५० ते ३०० ग्रॅम असते. जाड, १८० ग्रॅमच्या तबकड्यांच्या बाबतीत ते त्याहून वाढते. एका तबकडीला सुमारे ४ मिलिमीटर जागा लागते. म्हणजे एक मीटर लांबीत अडीचशेच्या आसपास तबकड्या आणि ६० ते ७५ किलो वजन येते. पुस्तकांच्या सवयीने केलेली पातळ आणि लांब फळी याला पुरी पडत नाही. माझी पहिली मांडणी तीन फूट लांबीच्या पातळ फळ्यांची होती, आणि दोन पावसाळ्यांत तिच्या मधोमध बोटभर झोळ आला.

तिसरी पायरी : खणाचे माप

बारा इंची कव्हर प्रत्यक्षात ३१.५ सेंटिमीटर चौरस असते आणि प्लास्टिकच्या बाह्य वेष्टनासह ते ३२.५ सेंटिमीटरच्या जवळ जाते. वरून बोट घालून रेकॉर्ड पुढे ओढता यायला हवी, त्यामुळे खणाची आतली उंची ३५ सेंटिमीटर ठेवावी. रुंदीही ३५ ते ४०च्या दरम्यान ठेवावी, जास्त नको. रुंद खणात रेकॉर्डी एका बाजूला कलतात, त्यांचा भार खालच्या रेकॉर्डीवर येतो आणि तबकड्या वाकतात. शिवाय दर ३५ सेंटिमीटरवर येणारी उभी फळी वरच्या फळीला टेकू देते. फळीवर ओझे सारखे पसरलेले असेल, तर तिची मोकळी लांबी दुप्पट केल्यावर मधला बाक सोळापट होतो. उलट लांबी तीच ठेवून जाडी १२ मिलिमीटरवरून १८ वर नेली, तर बाक एक-तृतीयांशाहूनही कमी राहतो. सुताराशी बोलताना हे दोन आकडे हाताशी असू द्यावेत.

खोली ३५ सेंटिमीटर पुरते. आठ फूट बाय चार फूट प्लायच्या तावातून ३५ सेंटिमीटर रुंदीच्या तीन लांब पट्ट्या निघतात आणि उरलेल्या अरुंद पट्टीतून खालची बैठक होते. दोन खण आडवे आणि दोन उभे अशा चार खणांच्या मांडणीची रुंदी ७५ सेंटिमीटर आणि १० सेंटिमीटरच्या बैठकीसह उंची ८५ सेंटिमीटर होते. नवागताला ही मांडणी पुष्कळ झाली. तिच्यात तीनशे तबकड्या सैलसर बसतात, आणि पुढे शेजारी तसाच दुसरा चौकोन लावता येतो.

चौथी पायरी : सिंगलसाठी चाळता येणारे खोके

ज्यांच्या कडेवर नाव नाही अशा सिंगल चारपैकी एकाही खणात ठेवू नयेत. त्यांना दुकानासारखे वरून उघडे खोके हवे, ज्यात कव्हरे आपल्याकडे तोंड करून उभी असतात आणि दोन बोटांनी एकेक पुढे पाडत चाळता येतात. आतली रुंदी ३४ सेंटिमीटर, लांबी ४० ते ४५ सेंटिमीटर, मागची बाजू ३० सेंटिमीटर उंच आणि पुढची २० सेंटिमीटर ठेवली की कव्हरावरचे भोक आणि लेबल सहज दिसते. मागच्या बाजूला किंचित कल दिला तर रेकॉर्डी पुढे ढासळत नाहीत. या खोक्यात जास्तीत जास्त साठ-सत्तर सिंगल ठेवाव्यात. एक-तृतीयांश जागा मोकळी नसेल, तर चाळायला वावच उरत नाही. खाली ब्रेक असलेली चार चाके लावावीत, म्हणजे ऐकायला बसताना खोके खुर्चीजवळ ओढता येते. माझ्या घरातली सर्वांत जास्त वापरली जाणारी वस्तू हीच आहे.

मधोमध भोक असलेली आणि आकार कापलेली कव्हरे घट्ट खणात घुसवताना फाटतात, हेही लक्षात ठेवावे. इंग्लंडच्या न्यू ऑर्डर या गटाच्या १९८३ सालच्या ‘ब्लू मंडे’ या सिंगलसाठी डिझायनर पीटर सॅव्हिल यांनी फ्लॉपी डिस्कसारखे कापलेले कव्हर केले होते. अशा कव्हराच्या कडा शेजारच्या कव्हरात अडकतात. त्यांना बाह्य वेष्टन आधी चढवावे, मगच आत ठेवावे.

पाचवी पायरी : जागा आणि लाकूड

घरातली कोणती भिंत निवडावी, याचा निर्णय ऊन आणि ओल या दोघांवरून घ्यावा. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचे ऊन ज्या भिंतीवर पडते ती बाद. न्हाणीघराला लागून असलेली भिंत बाद. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात पावसाच्या झोताला सामोरी जाणारी बाहेरची भिंतही बाद, कारण जुलैत तिच्या आतल्या अंगाला दमटपणा येतो आणि कव्हरांच्या पुठ्ठ्यावर बुरशी धरते. आतली, दोन खोल्यांमधली भिंत सर्वांत चांगली. तिच्यापासूनही मांडणी पाच सेंटिमीटर पुढे ठेवावी आणि मागची पाठ पूर्ण बंद न करता खेळती हवा राहील अशा फटी ठेवाव्यात. जुन्या वाड्यात किंवा चाळीत कडीपाटाचा मजला असेल, तर मांडणी कड्यांच्या टोकांजवळ, भिंतीलगत आणि कड्यांना आडवी ठेवावी, म्हणजे वजन अनेक कड्यांवर वाटले जाते.

प्लाय १८ किंवा १९ मिलिमीटरचा, बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या प्रतीचा घ्यावा. त्यावर आयएस ७१० हा शिक्का असतो. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो, पण ओल लागली की तो फुगतो आणि स्क्रू धरून ठेवत नाही, त्यामुळे दमट हवेत मी तो सुचवणार नाही. प्लायच्या सर्व कडा, दिसत नसलेल्यासुद्धा, पट्टी लावून बंद करून घ्याव्यात, कारण पाणी आणि वाळवी दोन्ही कडेतूनच आत शिरतात. सागाचे भरीव लाकूड परवडत असेल तर उत्तमच. मात्र फळ्या पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या असाव्यात. मांडणी उभी राहिल्यावर वरच्या टोकाला दोन एल पट्ट्यांनी ती भिंतीला आवळावी. घरात लहान मुले असतील तर ही गोष्ट उद्यावर टाकू नये.

रूपाबद्दल माझे मत असे आहे की या संगीताला नक्षी शोभत नाही. जर्मन डिझायनर डीटर राम्स यांनी १९६० साली केलेली ६०६ ही भिंतीवरची मांडणी पाहावी. अ‍ॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या आणि त्यांवर कुठेही सरकवता येणाऱ्या साध्या फळ्या, बाकी काही नाही. स्वीडनच्या निल्स स्ट्रिनिंग यांनी १९४९ साली केलेल्या तारेच्या शिड्यांच्या मांडणीतही तोच हलकेपणा आहे. ही महाग मूळ फर्निचरे विकत घ्यावीत असे मुळीच नाही, त्यांतला विचार मात्र घ्यावा. रेषा सरळ असाव्यात, रंग एकच असावा, आणि रंगाचा सोहळा कव्हरांना करू द्यावा. ‘द मॅन-मशीन’चे लाल-काळे कव्हर रशियन चित्रकार एल लिसित्स्की यांच्या शैलीवर बेतलेले आहे. फिकट सागाच्या किंवा पांढऱ्या लॅमिनेटच्या पार्श्वभूमीवर ते एकटे उभे केले, तर भिंतीला दुसऱ्या चित्राची गरज उरत नाही. त्यासाठी मांडणीच्या वर एक अरुंद, पुढे काठ असलेली पट्टी ठोकून घ्यावी आणि त्या दिवशी वाजत असलेली रेकॉर्ड तिच्यावर ठेवावी.

सहावी पायरी : टर्नटेबल कुठे ठेवावा

८५ सेंटिमीटर उंचीची मांडणी टर्नटेबलसाठी सोयीची आहे. रेकॉर्डींच्या वजनामुळे ती हलत नाही. पाणसळ लावून वरची फळी दोन्ही दिशांना समतल आहे ना, ते तपासावे. स्पीकर मात्र त्याच मांडणीवर कधीही ठेवू नयेत. स्पीकरचा खर्ज लाकडातून सुईपर्यंत पोहोचतो, सुई तो पुन्हा उचलते आणि आवाज वाढवला की घुमणारा गुरगुराट सुरू होतो. इतर संगीतात हे कदाचित जाणवणार नाही, पण टीआर-८०८च्या ढोलाला ते लगेच उघडे पडते. स्पीकर वेगळ्या स्टँडवर, मांडणीपासून निदान हातभर अंतरावर ठेवावेत.

सातवी पायरी : लावण्याचा क्रम

खोक्यातल्या सिंगल कंपनीनुसार आणि त्यातही रेकॉर्डीच्या क्रमांकानुसार लावाव्यात. कलाकारांची नावे या क्षेत्रात फसवी असतात, कारण एकच माणूस पाच नावांनी रेकॉर्डी काढतो. ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’वर डेरिक मे यांचे नाव नसून ‘रिदिम इज रिदिम’ असे आहे. क्रमांक मात्र लेबलवर असतो आणि पुष्कळदा तबकडीच्या मध्याजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेलाही सापडतो. पूर्ण कोऱ्या लेबलच्या रेकॉर्डीही असतात, त्यांना तेवढाच आधार असतो.

खणांतल्या संचांसाठी मला वर्णानुक्रमापेक्षा प्रहरांचा क्रम आवडतो. रागसमय जाणणाऱ्या घरात तो चटकन अंगवळणी पडतो. पहिल्या खणात सकाळची, ठेका नसलेली रेकॉर्ड, मग कामाच्या वेळेची, मग संध्याकाळची, आणि शेवटच्या खणात रात्रीचे टेक्नो. खणांमध्ये कव्हराच्या मापाचा, दोन सेंटिमीटर उंच डोके असलेला पुठ्ठा घालून त्यावर नाव लिहावे.

आठवी पायरी : पावसाळ्याची तयारी

रेकॉर्डी नेहमी उभ्याच ठेवाव्यात, एकावर एक कधीही रचू नयेत. आतल्या खरखरीत कागदी पाकिटाऐवजी पातळ पॉलिथिनचे अस्तर असलेले पाकीट वापरावे. बाहेरचे वेष्टन पॉलिप्रॉपिलीनचे घ्यावे. मऊ, चकचकीत पीव्हीसीची वेष्टने टाळावीत, कारण त्यांतून सुटणाऱ्या द्रव्यांनी तबकडीवर धुरकट थर येतो. मेअखेरीस प्रत्येक खणात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या ठेवाव्यात आणि पंधरा दिवसांनी बदलाव्यात. डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत, त्यांचा वास पुठ्ठ्यातून जात नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक खणातल्या रेकॉर्डी हाताने पुढे-मागे कराव्यात, म्हणजे मधे हवा खेळते. घटस्थापनेआधी घर साफ करताना सगळे खण रिकामे करून फळ्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात, मागच्या भिंतीवर हात फिरवून ओल आहे का ते पाहावे, आणि रेकॉर्डी परत लावताना वर्षभरात एकदाही न वाजलेल्या वेगळ्या काढून चाकाच्या खोक्यात सर्वांत पुढे ठेवाव्यात.